धरून चालणारे लांजेवार सर

वयाच्या पंचविसाव्या वर्षी मला अर्थशास्त्र पूर्ण समजलं होतं. पुढे ते कमी कमी होत गेलं, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर भाजीवाल्याशीसुद्धा मी जरा जपूनच बोलते. पण नागपूरच्या त्या कॉलेजात मी अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले तेव्हाचा माझा थाट काय सांगावा. कडक इस्त्रीची सुती साडी, काखेत विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक, आणि चेहऱ्यावर असा भाव की मागणी आणि पुरवठा दोघंही मला विचारूनच घराबाहेर पडतात. पुस्तकाची सुरुवातीची पानं मळलेली होती, पुढची कोरी करकरीत. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नसे, एवढी काळजी मी घेत असे.

लांजेवार सर आमचे विभागप्रमुख. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र बैलबाजारात ऐकू जाईल असा. वर्षातून एकदा ते गांधीबागेतून एकाच ताग्यातलं फिकट निळं कापड आणत आणि सगळे शर्ट त्याचेच शिवत. मी एकदा खवचटपणे विचारलं, तर म्हणाले, "सकाळी उठून कोणता घालू, हा सवालच नाही बाई. लोक धरून चालतात का या माणसाजवळ एकच शर्ट हाय. चालू द्या."

हे 'धरून चालणं' त्यांचं खास. वर्गात त्यांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू व्हायचं. आपण धरून चालू की प्रत्येकाला बाजारातला प्रत्येक भाव ठाऊक आहे. धरून चालू की प्रत्येक जण आपला फायदा तोळामासा तोलून मगच पाऊल उचलतो. मुलं त्यांना मागून 'धरून चालू' म्हणत. "धरून चालू आला का बे?" असा फाटकावरचा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे, आणि सरांनीही ऐकला होता. ते थांबून म्हणाले, "आला. चाला वर्गात."

मला हे धरून चालणं सोसवेना. एक दिवस स्टाफरूममध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, मी त्यांना अडवलं. आकाशवाणीवरच्या बातम्यांसारख्या मराठीत मी म्हणाले, "सर, ज्या सिद्धांताची गृहीतकंच वास्तवाला धरून नाहीत, तो सिद्धांत खरा कसा असू शकेल?"

सरांनी चहा बशीत ओतला. "संत्र्याची बाग पाह्यली का बाई तुम्ही?"

"पाहिली आहे," मी म्हणाले. मी संत्री पाहिली होती. बुट्टीत.

"आमची बाग हाय नरखेडकडं. भाऊ पाह्यते. बहार धराचा असला का झाडाचं पाणी तोडतात. ताण देतात. पानं गळाले लागतात, झाड पार उतरून जाते. मंग पाणी सोडलं का फुलानं गच्च. काहून? आमचा भाऊ म्हणते, झाडाले वाटते आपण आता मरून राहिलो, तं जाता जाता लेकरं ठेवून जाव." त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "आता झाडाले असं काही वाटते का? झाडाले मन हाय का? नाही. गृहीतक सपशेल खोटं. पण तेच धरून भाऊ सांगते का फूल या या सुमाराले येईन, आणि येते. सांगा, भावाचा सिद्धांत ठेवाचा का फेकाचा?"

"पण खरं कारण शोधायला नको का?"

"शोधा ना. तुम्ही तरण्या हा. मले फूल पाह्यजे."

स्टाफरूम हसली. मी पुस्तक उघडून कोऱ्या पानांत तोंड घातलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सिद्धांताला जन्माचा दाखला विचारू नये. तो कशावर उभा आहे ते पाहू नका, तो जे होईल म्हणून सांगतो ते होतं का ते पाहा. गृहीतक खोटं असलं तर चालेल, भाकीत खोटं निघालं तर क्षमा नाही. आणि हे ते फक्त बोलत नसत. दर वर्षी कॉलेज उघडलं की ते फळ्याच्या एका कोपऱ्यात त्या वर्षाचं भाकीत लिहीत आणि शिपायाला तेवढा कोपरा पुसू देत नसत. एका वर्षी एस.टी.चं भाडं वाढलं तेव्हा त्यांनी लिहिलं, काटोल-नरखेडकडून येणारी मुलं दिवाळीपर्यंत शहरात खोल्या घेतील, कारण तेच स्वस्त पडेल. दिवाळी झाली, मुलं त्याच बसला लोंबकळत येत राहिली. घरी म्हशी होत्या, आज्या होत्या, कोणाचं काय, कोणाचं काय. सरांनी भर वर्गात त्या प्रकरणाच्या स्वतःच्या नोट्स उभ्या फाडल्या. कित्येक वर्षांच्या, पिवळ्या पडलेल्या. मला ते नाटक वाटलं. पण पुढच्या वर्षी त्यांनी ते प्रकरण नव्यानं लिहून काढलं, रात्री जागून, तेव्हा नाटकावर इतका खर्च कोण करतं, असंही वाटलं.

मी हार मानणाऱ्यांतली नव्हते. मुलांना आम्ही एकदा सरांच्या तालुक्यातल्या बैलबाजारात नेलं. तिकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. मला तर हर्षच झाला. मी मुलांना गोळा करून म्हणाले, "पाहा. 'सर्वांना सर्व भाव ठाऊक' हे गृहीतक या दुपट्ट्याखाली गुदमरून मेलं आहे." सरांनी मुलांना बाजारभर पांगवलं आणि सांगितलं, सौदा आटोपून निघालेल्या माणसाला नुसतं विचारायचं, जोडी कशी गेली. ऊन उतरायच्या आत मुलं परतली. सारख्या वयाच्या, सारख्या ताकदीच्या जोड्या बाजारभर जवळजवळ एकाच भावाला गेल्या होत्या.

"कोणालेच काही मालूम नाही बाई," सर म्हणाले, "आणि भाव पाहा, जसं काही सगळ्यायले सगळं मालूम हाय."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून विदर्भाचं निसर्गसौंदर्य पाहत होते. माझ्या इस्त्रीच्या साडीवर एका बैलानं लाळेचा पट्टा ओढला होता, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

सरांच्या घरी काकू होत्या. सरांना त्या कधी नावानं हाक मारत नसत, 'आमचे हे' म्हणत. मी एकदा जेवायला गेले तेव्हा पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्या यायले मी घरात हाव हे पाहाव नाही लागत. धरून चालतात." सर जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पुढची पोळी मागताना त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

वर्षा मेश्राम ही सरांची विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची, आणि झाडाचं उदाहरण ऐकून वर्गात एकटीनं प्रश्न विचारला होता, "सर, झाडाले समजलं का आपल्याले फसवून राहिले, तं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "झाडाले समजत नाही वं पोरी, म्हणून तं शेती चालते." पण स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाले, "ही शिकवन. हिच्या हातात खडू पाह्यजे."

ती एम.ए. झाली, पुढची पात्रता परीक्षा पास झाली, आणि सर निवृत्त झाले त्या साली आमच्याच विभागात शिकवायला लागली. कायम नव्हे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचेच पैसे. दिवाळीची सुटी आली की बंद, परीक्षा आल्या की बंद, उन्हाळाभर बंद, आणि दर वर्षी नव्यानं मुलाखत. नव्या कायम जागा भरणं तेव्हा थांबलं होतं. सरांची खुर्चीही रिकामीच राहणार होती. वर्षाला त्याच वेळी एका बँकेचं नोकरीचं पत्र आलं होतं. बाप नव्हता, आई होती, धाकटी बहीण होती. काय करू, म्हणून ती सरांना विचारायला आली.

निरोप समारंभ झाला होता. बालूशाहीच्या रिकाम्या खोक्यांशेजारी विभागाच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो.

"हिशेब सोपा हाय," सर म्हणाले. "इतक्या पैशात शिकलेला माणूस किती दिवस थांबन? धरून चालू का प्रत्येकाले आपला फायदा समजते. दोन-तीन वर्षांत हे सारे तासिकावाले दुसरं काही पाहून निघून जातीन. वर्ग रिकामे पडतीन, बोंब होईन, मंग सरकारले जागा काढाच लागतीन. तवा उभं कोण असन? जे थांबलं ते. तू थांब."

"आणि बँक, सर?"

"बँकेत तू दुसऱ्याच्या नोटा मोजशीन. तुले शिकवाचं हाय का नाही, ते सांग."

"शिकवाचं हाय."

"मंग थांब."

तर्क इतका देखणा होता की मीही मान डोलावली. चाळिशी उलटली होती तरी माझी मान देखण्या गोष्टींना लगेच डोलायची, अन्नपाण्याची चौकशी न करता. वर्षानं बँकेला नकार कळवला.

दोन वर्षं गेली, तीन गेली. मी विभागप्रमुख झाले. दर जूनला सरांचा फोन यायचा. "कोणी गेलं का?"

"नाही सर."

"जातीन."

कोणी गेलं नाही. इतिहासाचे गेले नाहीत, मराठीचे गेले नाहीत, राज्यशास्त्राचे तर एक वाढले. वर्षा उन्हाळ्यात साड्यांना फॉल-पिको करायची. बहिणीचं लग्न तिनं करून दिलं. तिला स्वतःला पाहायला लोक यायचे, पोहे खायचे, आणि विचारायचे, नोकरी पक्की आहे का? नाही म्हटलं की उठता उठता म्हणायचे, पक्की झाली की कळवा. मग तेही यायचे बंद झाले. शिकवायची मात्र अशी, की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी येऊन उभी राहायची. मीही निवृत्त झाले. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं. जागा निघाली नाही.

सरांना उलगडा झाला तो एका शिक्षकदिनी. कॉलेजनं आम्हा जुन्यांना शाल-नारळासाठी बोलावलं होतं. कार्यक्रम आटोपल्यावर सर स्टाफरूममध्ये जाऊन तासिकावाल्यांमध्ये बसले. काकू त्याआधीच देवाघरी गेल्या होत्या, घरी जायची सरांना आता घाई नसायची. इतिहासाच्या माणसाला त्यांनी सरळ विचारलं, "तू काहून नाही सोडत गा?"

"सोडू कसा सर," तो म्हणाला. "आमच्या गाईडनं सांगितलं हाय, बाकीचे सोडतीन. आता थोडंच राह्यलं."

"मलेही तेच सांगितलं," मराठीची बाई म्हणाली.

"मले तं वाटे वर्षा मॅडम पह्यल्या जातीन," तिसरा म्हणाला.

वर्षा पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मी तुमची वाट पाहून राह्यली."

सगळे हसले. अगदी मोकळं हसले, एका घरातली माणसं हसतात तसे. सर हसले नाहीत. खांद्यावरची शाल घसरून खाली पडली होती, ती त्यांनी उचलली नाही. मी उचलली.

जिना उतरताना ते मधल्या पायरीवर थांबले. "मी धरलं का माणूस हिशेब करते," म्हणाले. "केला ना बाई त्यायनं हिशेब. साऱ्यायनं केला. एकच केला."

मला आजही वाटतं की गृहीतक खोटं असलं म्हणून सिद्धांत मोडीत काढू नये, सरांचं ते बरोबर होतं. फक्त ज्याच्याविषयी ते गृहीतक आहे, त्याच्या कानावर ते जाता कामा नये. झाडाच्या कानावर जात नाही. आम्ही मात्र ते आमच्या सगळ्या हुशार पोरांना बाकावर बसवून शिकवलं होतं, आणि वर त्यांना सांगितलं होतं की हे फक्त दुसऱ्यांना लागू आहे.

पुढच्या रविवारी सरांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही मानेवाड्याला वर्षाच्या घरी गेलो. फाडलेल्या नोट्सचा माणूस तो, त्यांनी आडवळण घेतलं नाही. पाण्याचा पेला हातात असतानाच म्हणाले, "वर्षा, माझं भाकीत चुकलं. आता ते टाकून दे. निघ तिथून. शिकवणी घे, शाळा पाह्य, काहीही पाह्य. तिथं थांबू नको."

ती हसली. "भाकिताले तुम्ही मुदत कुठं देली होती सर?"

"दोन-तीन वर्षं म्हणलो होतो."

"अंदाजे म्हणले होते."

"वर्षा, मी चुकलो वं."

"तुम्ही नाही चुकले. गृहीतक थोडं इकडं-तिकडं असते, तुम्हीच शिकवलं. गृहीतक नाही पाह्यचं, भाकीत पाह्यचं." ती सरांना समजावत होती, मऊ आवाजात, जसं मागच्या बाकावरच्या पोराला समजवावं. "उशिरा का होईना, होऊन राह्यलं सर. गणिताचे एक जण गेले या वर्षी."

सरांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं. "गेले? कुठं गेले?"

"वारले."

मग तीच म्हणाली, "पण एक कमी झालाच ना."

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिच्या आईचा आवाज आला. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण आवाज ओळखू येत होता. "वर्षा, सर आले का वं? नोकरीची ऑर्डर घेऊन आले का?"

"नाही आई. सहज आले."

सर उठले. पेल्यातलं पाणी तसंच होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. जुलैत तासिकांच्या मुलाखती होत्या आणि विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. पाऊस दडी मारून बसलेला, अंगाची काहिली. उमेदवारांची रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेली होती, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल. रांगेच्या कडेनं कोणीतरी म्हातारा सावकाश पुढे सरकत होता, प्रत्येकापाशी थांबत, वाकून काही सांगत. फिकट निळा शर्ट पाहून मी ओळखलं.

"घरी जा बाप्पा," सर सांगत होते. "सारेच्या सारे उठून जा. एकानं जाऊन नाही होत, मी पाह्यलं. साऱ्यायनं एकदम गेलं पाह्यजे. मंग जागा निघन."

पोरं आदरानं ऐकून घेत होती. एकानं उठून त्यांना आपली जागा दिली. एकानं पंख्यासारखी फाईल हलवून त्यांना वारा घातला. "काकाजी," तो म्हणाला, "तुमची मुलगी कोण्या विषयाची?"

"अर्थशास्त्र," सर म्हणाले.

मी त्यांच्याशी बोलायला वळणार तोच आतून बोलावणं आलं. मला आत जाऊन टेबलामागे बसावं लागलं, समोर समोसे होते. शिपायानं अर्थशास्त्राचा पहिला पुकारा केला. वर्षा रांगेतून उठली. तिनं आपली पिशवी आणि पाण्याची बाटली सरांच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि आत येऊन, मला ओळखत नसल्यासारखा नियमानं नमस्कार करून उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं.

दार अजून उघडं होतं. तिच्या खांद्यावरून मला व्हरांड्यातला बाक दिसत होता. सर पिशवी मांडीवर घेऊन, बाटली दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांच्या शेजारी एक अगदी नवी पोरगी येऊन टेकली, नुकतीच पास झालेली असावी, फाईलवरची किमतीची चिठ्ठीही निघालेली नव्हती. तिनं लांबवर गेलेली रांग पाहिली आणि विचारलं, "काकाजी, दर वर्षी इतकीच गर्दी असते का?"

सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कमी होईन," ते म्हणाले.

शिपायानं दार लोटून घेतलं.